जनुक-संपादित पीक तपासणीत ओळखू येतं का?

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी दिल्लीत भाताचे दोन नवे वाण जाहीर केले. एक 'कमला', म्हणजेच डीआरआर धान १००, हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेत तयार झालेला. दुसरा 'पुसा डीएसटी राइस १', दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा. दोन्हींत बाहेरचं जनुक नाही; भाताच्याच एका जनुकात नेमक्या जागी बदल केलेला आहे. यालाच जनुक-संपादन म्हणतात. कमलाची शिफारस ज्या राज्यांसाठी झाली त्यांत महाराष्ट्रही आहे. म्हणजे भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंतच्या धानपट्ट्यात हा विषय आज ना उद्या बांधावर येणारच.

शेतकऱ्याला हवं असतं ते एवढंच, की पिशवीवर लिहिलंय तेच बियाणं आत आहे याची खात्री. निर्यातदाराला काळजी असते परदेशातल्या बंदरावर माल तपासला तर काय निघेल याची. आणि आपण काय खातोय हे कळावं, ही ग्राहकाची मागणी रास्तच आहे. तिघांचीही गाडी शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबते: जनुक-संपादन तपासणीत सापडतं का?

कुठे काय बदललंय हे आधी माहीत असेल, तर सापडतं आणि बऱ्यापैकी सहज सापडतं. पण तो बदल प्रयोगशाळेत केलेला आहे की शेतात आपोआप झालेला, हे डीएनए सांगत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की वाद भरकटतो. एक बाजू म्हणते सगळं पकडता येतं, दुसरी म्हणते काहीच पकडता येत नाही, आणि दोघांच्याही हाती अर्धंच सत्य असतं.

बीटी कापसाचं काम सोपं होतं

बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. त्यातलं कीटकनाशक प्रथिन तयार करणारं जनुक मुळात मातीतल्या एका जिवाणूचं. कापसाच्या झाडात ते आपसूक येण्याची शक्यताच नाही, त्यामुळे ते दिसलं की विषय संपला. पानाचा तुकडा छोट्या नळीतल्या द्रावणात चुरगाळायचा, त्यात पट्टी उभी करायची, काही मिनिटांत दुसरी रेघ उमटली की कापूस बीटी आहे. ही पट्टी शेतातही चालते. विदर्भात 'चोर बीटी' या नावाने फिरणारा तणनाशक-सहनशील कापूस, ज्याची २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने जाहीर लागवड केली, तोही याच तत्त्वावर पकडता येतो. तणनाशक सहन करण्याची ताकद देणारं प्रथिनसुद्धा मूळचं जिवाणूचंच.

प्रयोगशाळांकडे याहून व्यापक चाळणी आहे. बाहेरचं जनुक झाडात चालू राहावं म्हणून त्याच्यापुढे डीएनएचा एक तुकडा जोडावा लागतो. बऱ्याच जीएम, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेल्या, पिकांत हा तुकडा फुलकोबीवर रोग आणणाऱ्या एका विषाणूतून घेतलेला असतो. त्यामुळे नमुन्यात कोणतं जीएम पीक आहे हे ठाऊक नसतानाही हा एक तुकडा शोधला तर पहिला अंदाज येतो. मग जिथे बाहेरचं जनुक झाडाच्या डीएनएला चिकटलंय तो सांधा तपासायचा. हा सांधा प्रत्येक मंजूर जीएम प्रकारात वेगळा असतो, म्हणून थेट त्या प्रकाराचं नावच सांगता येतं. भारतात २०२१ पासून २४ पिकांच्या आयात मालासोबत जीएम नसल्याचा दाखला मागितला जातो. ती सगळी व्यवस्था याच चाचण्यांच्या भरवशावर उभी आहे.

संपादनात मागे काय उरतं

जनुक-संपादनाची क्रिस्पर ही पद्धत एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये मांडली आणि २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पिकांत ती वापरताना दोन गोष्टी लागतात: डीएनए कापणारं प्रथिन, आणि त्याला योग्य जागी नेणारा सुमारे वीस अक्षरांचा वाटाड्या आरएनए. अक्षरं म्हणजे डीएनएचे चार घटक, ए, टी, जी आणि सी. भाताच्या जनुकसंचात अशी साधारण ३९ कोटी अक्षरं आहेत. त्यांपैकी नेमक्या जागी काप बसतो. पेशी तो काप आपल्या पद्धतीने बुजवते आणि घाईत एखादं अक्षर गाळते, एखादं जास्तीचं घालते. तेवढ्याने जनुकाचा अर्थ बिघडतो आणि त्याचं काम थांबतं किंवा मंदावतं. या साध्या प्रकाराला नियमांच्या भाषेत एसडीएन-१ म्हणतात. वर सांगितलेले दोन्ही भात याच प्रकारचे.

काम थांबवून फायदा कसा होतो? कमलाचं मूळ वाण सांबा मसुरी. त्यात सीकेएक्स-२ नावाचं जनुक आहे. हे जनुक जे विकर (एन्झाइम) बनवतं, ते सायटोकायनिन या वाढीच्या संप्रेरकाचा नाश करतं. विकर कमी झालं की लोंबी तयार होताना संप्रेरक जास्त टिकतं आणि लोंबीत दाणे जास्त धरतात. संस्थेच्या आकड्यांनुसार उत्पादन सुमारे १९ टक्क्यांनी वाढतं आणि पीक साधारण वीस दिवस लवकर तयार होतं.

आता तपासणीच्या दृष्टीने कळीचा भाग. कापणारं प्रथिन बनवण्याची सामग्री सुरुवातीला बहुधा बाहेरच्या डीएनएच्या रूपात झाडात घालावी लागते. त्या टप्प्यावर ते झाड जीएमच असतं. पण भात स्वतःच्याच परागाने फळतो. ही सामग्री एकाच जागी बसलेली असेल, तर पुढच्या पिढीत साधारण चारातल्या एका रोपात ती अजिबात उतरत नाही. संशोधक अशी रोपं निवडतात, ज्यांच्यात बदल आहे पण कापणारं साहित्य नाही. त्या रोपांवर विषाणूच्या तुकड्याची चाळणी चालवली तर काहीच हाती लागत नाही, कारण सापडण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

'उरलेलं नाही' हे मात्र तपासूनच म्हणायला हवं, गृहीत धरून नाही. अमेरिकेत जनुक-संपादनाने बिनशिंगाची गुरं तयार केली होती. २०१९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या डीएनएची माहिती पुन्हा चाळली, तेव्हा संपादनाची सामग्री पेशीत नेणाऱ्या डीएनएचा, म्हणजे वाहकाचा, तुकडा त्यात बसलेला निघाला, प्रतिजैविक-रोधाच्या जनुकांसकट. कंपनीने तो शोधलाच नव्हता. उदाहरण जनावराचं आहे, पण शिकण्यासारखं पिकांसाठीही तेच आहे. वाण बाहेर काढण्याआधी वाहकाच्या प्रत्येक भागाचा शोध घ्यायलाच हवा. ही चाचणी सोपी आहे, ती टाळायला कोणतीही सबब चालू नये.

प्रत्यक्ष तपासणी

कोवळं पान द्रव नायट्रोजनमध्ये कडक करून खलात कुटतात. हिरवी पूड होते. ती सीटॅब नावाच्या साबणासारख्या रसायनाच्या द्रावणात टाकून ६५ अंशांवर तापवत ठेवतात, म्हणजे पेशींची आवरणं फुटतात. मग क्लोरोफॉर्म घालून नळी फिरवली की प्रथिनं आणि चोथा वेगळा पडतो. वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या नळीत घेऊन त्यात थंड अल्कोहोल सोडलं, की पांढरे, चिकट धागे तरंगायला लागतात. तो डीएनए.

त्यातून पीसीआरने फक्त हव्या त्या भागाच्या प्रती काढतात. त्यासाठी दोन प्रायमर लागतात, म्हणजे त्या भागाच्या दोन्ही टोकांना चिकटणारे डीएनएचे आखूड तुकडे. प्रायमर बनवायचे तर कुठे शोधायचं हे आधी माहीत हवं. पुढची प्रत्येक अडचण याच अटीतून निघते.

बदल किती मोठा आहे यावर पुढचं ठरतं. पुसा डीएसटी राइस १ च्या नावातल्या डीएसटी या जनुकामुळे दुष्काळ आणि खारवट जमीन सोसण्याची भाताची ताकद कमी राहते. दिल्लीच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात एमटीयू १०१० या वाणातल्या या जनुकाचा ३६६ अक्षरांचा तुकडा काढून टाकला होता. एवढी मोठी गळती तर डोळ्यांना दिसते. प्रती जेल नावाच्या लिबलिबीत थरात सोडून वीज लावली की लहान तुकडा पुढे पळतो, मोठा मागे राहतो. संपादित रोपाची पट्टी मूळ वाणाच्या पट्टीपुढे स्वच्छ दिसते. साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही हे होऊ शकतं.

एकच अक्षर बदललं असेल तर पट्ट्या शेजारी-शेजारी एकाच रेषेत येतात, जेलवर फरक कळत नाही. मग त्या भागातली अक्षरं एकेक करून वाचावी लागतात. वाचनाचा निकाल रंगीत शिखरांच्या आलेखाच्या रूपात येतो, प्रत्येक अक्षराला एक रंग. रोपात एक प्रत बदललेली आणि एक मूळ असेल तर जिथे अक्षर गळालं तिथपर्यंत शिखरं सुटी-सुटी असतात आणि तिथून पुढे एकावर एक चढतात, कारण दोन प्रतींची वाचनं एका अक्षराने सरकलेली असतात. आलेख जिथे गढूळ होतो तीच बदलाची जागा. एकाच अक्षरावर बेतलेली खास पीसीआर चाचणीही बनवता येते, फक्त ती जुळवायला कष्ट पडतात. एका अक्षराने चुकीच्या जागीही प्रायमर अधूनमधून चिकटतोच.

मग अडतं कुठे?

छापील पुस्तकात एक काना गळालेला दिसला, तर काना गळालाय हे खात्रीने सांगता येतं. तो जुळारीच्या हातून सुटला की कुणी मुद्दाम खोडला, हे पान बघून सांगता येत नाही. डीएनएचं तसंच आहे.

सीकेएक्स-२ चंच बघा. या जनुकाचा दाण्यांच्या संख्येशी असलेला संबंध जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवला. तेव्हा त्यांना आढळलं की चीनमधल्या एका भरघोस वाणात याच जनुकातली ११ अक्षरं गळालेली आहेत आणि जनुक निकामी झालंय. ते काम कुठल्या प्रयोगशाळेने केलेलं नव्हतं. उद्या कुणाच्या शेतात याच जनुकात अक्षर गळालेला भात सापडला, तर केवळ त्या गळतीवरून तो संपादित आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल.

आणि असे बदल सतत होत असतात. वनस्पतींवरच्या मोजमापांवरून हिशेब केला, तर भाताच्या प्रत्येक रोपात दर पिढीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नवे बदल आपोआप येतात. एका रोपात चार-पाच म्हणजे किरकोळ, पण एका एकरात रोपं लाखांच्या घरात असतात. त्यात माणसाने मुद्दाम घडवलेल्या उत्परिवर्तनांची भर. महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही. टीएजी २४ हा भुईमूग कितीतरी शेतकऱ्यांनी पेरला आहे. नावातला टी ट्रॉम्बेचा, ए अकोल्याचा. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांचं ते संयुक्त काम, आणि किरणांचा मारा करून बदललेल्या भुईमुगाच्या वंशावळीतून तो आला. किरणांनी शेकडो जागी अंदाधुंद बदल होतात, तरी त्या वाणांना जीएम म्हणून कुणी तपासत नाही.

हा पेच खऱ्या वादात कसा दिसतो ते कॅनोला या मोहरीच्या कुळातल्या तेलबियांच्या पिकाच्या बाबतीत कळतं. अमेरिकेतल्या सिबस कंपनीचा तणनाशक-सहनशील कॅनोला बाजारात होता. त्यातल्या एका जनुकात एक अक्षर वेगळं होतं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये एका शोधनिबंधात ते एक अक्षर पकडणारी पीसीआर चाचणी प्रसिद्ध झाली. ग्रीनपीस आणि इतर संघटनांचा या कामाला पाठिंबा होता, आणि 'जनुक-संपादित पिकासाठी पहिली चाचणी' असा गाजावाजा झाला. चाचणी म्हणून काम चांगलं होतं, हे मान्य करायला हवं. पण कंपनीने सांगितलं की ते अक्षर संपादनाने बदललंच नाही, ऊतीसंवर्धन चालू असताना आपोआप बदललं. कॅनडाच्या आरोग्य विभागाच्या आधीच्या कागदपत्रांतही तशीच नोंद होती. जर्मनीच्या ग्राहक संरक्षण आणि अन्नसुरक्षा कार्यालयानेही स्पष्ट केलं, की ही चाचणी बदल दाखवते, त्याचा उगम दाखवत नाही. शिवाय या जनुकातले अशा तऱ्हेचे बदल तणनाशकाच्या माऱ्याखाली तणांमध्येही आपोआप आलेले आहेत. म्हणजे त्या एका अक्षराचा मालक कोण, हे ठरवायला शेवटी कंपनीचे कागदच बघावे लागले.

पीठ, तुकडा आणि तेल

एकाच रोपाचं पान हाती असेल तर काम सुकर. बंदरावर येतो तो मात्र हजारो टनांचा ढीग, बहुतेकदा दळलेला. युरोपात जीएम अंश ०.९ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर लेबल सक्तीचं आहे, तेव्हा प्रयोगशाळेला नुसतं 'आहे' म्हणून भागत नाही, 'किती' हेही सांगावं लागतं. बाहेरच्या जनुकाच्या बाबतीत ते जमतं, कारण बाकीच्या ९९ टक्के मालात ते जनुक अजिबात नसतं. संपादित पिकाच्या बाबतीत उरलेल्या ९९ टक्क्यांत तोच भाग एका अक्षराच्या फरकाने हजर असतो आणि खऱ्या संकेतावर सावली धरतो.

डीएनए वाचणाऱ्या यंत्रांवर सोपवावं, तर त्यांचीही मर्यादा आहे. सर्वाधिक वापरातली यंत्रं साधारण हजार अक्षरांमागे एखादं चुकीचं वाचतात. हजारात एक दाणा संपादित असेल आणि बदल एकाच अक्षराचा असेल, तर ते अक्षर खरं की यंत्राची चूक हे एका वाचनात सांगता येत नाही. अनेक वाचनं आणि काळजीपूर्वक हिशेब लागतो. ३६६ अक्षरांच्या गळतीला हा त्रास नाही, कारण यंत्र एकदम एवढं चुकत नाही. शुद्ध केलेल्या तेलात किंवा साखरेत तर डीएनएच जवळजवळ उरत नाही. तिथे कोणतीही डीएनए चाचणी हात टेकते, जीएम पिकाचीसुद्धा.

माहितीच नसेल तर?

इथे सगळ्यात मोठी भिंत आहे. काय शोधायचं तेच ठाऊक नसेल तर संपूर्ण जनुकसंच वाचून काढणं, एवढाच मार्ग दिसतो. यंत्रं आता तेही करतात. पण वाचलेलं कशाशी ताडून बघायचं? आदर्श संदर्भ म्हणून जो भात घेतला त्याच्यापेक्षा आपला प्रत्येक वाण लाखो जागी वेगळा असतो. सांबा मसुरीच्या दोन पिशव्याही अक्षरशः एकसारख्या नसतात. त्या लाखो फरकांत एक संपादनाचा, आणि त्याच्या अंगावर कसलीही खूण नाही. युरोपीय जीएमओ प्रयोगशाळांच्या जाळ्याने मार्च २०१९ च्या अहवालात हेच मांडलं: आधी माहिती नसेल तर अशा बदलांचा शोध आणि ओळख सध्याच्या पद्धतींनी होण्यासारखी नाही.

तरी काही वेळा संशयाला जागा मिळते. गव्हात जवळपास प्रत्येक जनुकाची तीन भावंडं असतात. २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी भुरीला बळी पडू देणाऱ्या एका जनुकाची तिन्ही भावंडं एकाच वेळी निकामी केली. तीन जागी, एकमेकांशी जुळणारे बदल एकाच रोपात आपोआप येणं जवळपास अशक्य. तसं पीक सापडलं तर कुणीतरी मुद्दाम केलंय, एवढं म्हणता येईल. कसं केलं, हे तरीही नाही. जुन्या पद्धतीने वेगवेगळी उत्परिवर्तित रोपं संकरित करूनही तिथवर पोचता येतं.

वाण ओळखण्याचा दुसरा मार्ग मला बियाण्यासाठी जास्त उपयोगाचा वाटतो. कमलात बदललेलं सीकेएक्स-२ आहे आणि बाकीचं अंग सांबा मसुरीचं आहे. एका दाण्यात तो नेमका बदल आणि सांबा मसुरीचे डीएनएतले ठसे, दोन्ही एकत्र सापडले तर तो दाणा कमलाचाच असण्याची शक्यता फार मोठी. बनावट बियाणं पकडायला हे पुरेसं आहे. पिठात मात्र ही जोडी तुटते, कारण बदल एका दाण्यातून आला असेल आणि ठसे शेजारच्या. तोच बदल संकराने दुसऱ्या वाणात नेला, तरी ठसे बदलतात.

कागद आणि चाचणी

भारतात पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ रोजी एसडीएन-१ आणि एसडीएन-२ (नमुना देऊन ठरावीक थोडी अक्षरं बदलण्याचा प्रकार) अशा वनस्पतींना, बाहेरचं जनुक उरलेलं नाही हे सिद्ध झाल्यास, १९८९ च्या जीएम नियमावलीतल्या मुख्य अटींतून सूट दिली. युरोपात उलट घडलं होतं. जुलै २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने संपादित पिकं जीएम कायद्याखालीच येतात असा निकाल दिला, आणि प्रयोगशाळांपुढे न झेपणारं काम येऊन पडलं. जुलै २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने नवा प्रस्ताव मांडला: मर्यादित बदल असलेल्या पिकांना पारंपरिक पिकांसारखं वागवायचं, पण त्यांची जाहीर नोंद ठेवायची आणि बियाण्यावर लिहायचं.

सूट द्यावी की नाही यावर मतभेद राहतील. नोंदीच्या बाबतीत मात्र भारताने हयगय करू नये असं मला मनापासून वाटतं. सुटीचा अर्थ गुप्तता असा होता कामा नये. कमला आणि पुसा डीएसटी सरकारी संस्थांचे आहेत, जनतेच्या पैशातून झालेले आहेत. उद्या खासगी कंपन्यांचेही येतील. बदल कुठला ते उघड झालं नाही तर सेंद्रिय शेती करणाऱ्याला आपला माल वेगळा ठेवता येणार नाही, निर्यातदाराला प्रमाणपत्र देता येणार नाही, आणि बनावट बियाण्याची तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला कृषी अधिकारी काय तपासून देणार?

लागणाऱ्या गोष्टी फार नाहीत. जनुकाचं नाव, बदलाची जागा, बदलापूर्वीची आणि नंतरची अक्षरं, ती पकडणारे प्रायमर, आणि तुलनेसाठी मूळ व संपादित अशा दोन्ही बियाण्यांचे अधिकृत नमुने. एवढं एका सार्वजनिक यादीत टाकलं, तर पीसीआर यंत्र असलेल्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेलाही बियाण्याच्या पिशवीबद्दल एक-दोन दिवसांत उत्तर देता येईल.